बेल्ट थांबवण्याचा हक्क

सणासुदीचे सेल सुरू झाले की भिवंडीतल्या गोदामांना रात्र उरत नाही. माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, सोनाळे, पडघा ही गावे एके काळी भातशेतीची. आज जुन्या ठाणे-भिवंडी रस्त्याच्या आणि मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर पत्र्याच्या शेड दिसतात. न्हावा शेवा बंदरातून, गुजरातेतून, दक्षिणेतून आलेला माल इथे उतरतो, पिनकोडप्रमाणे वेगळा होतो आणि मुंबई, पुणे, नाशिककडे निघतो. आपण रात्री अकराला मोबाइलवर बोट ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तू दारात येते. मधल्या तासांत हजारो माणसे उचलतात, वाकतात, धावतात, गाडी हाकतात. त्यांच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. वस्तू वेळेवर आली की आपला प्रश्न मिटलेला असतो.

तो मिटलेला नाही, हे सांगण्यासाठी हा लेख. म्हणणे एकच आहे: कामाचा वेग जो ठरवतो, त्या वेगातून होणाऱ्या इजेची जबाबदारीही त्यानेच घेतली पाहिजे. आज वेग ठरवतो एक आणि हातपाय मोडतात दुसऱ्याचे. हा व्यवहार अन्यायाचा आहे आणि तो बदलणे आपल्या हातात आहे.

आधी काम नीट पाहू. धक्क्याला कंटेनर लागतो, दार उघडते, आत खोकी आणि गोण्या छतापर्यंत रचलेल्या असतात. दोघे-तिघे आत शिरतात. वरचे खोके हात डोक्यावर नेऊन काढायचे, खालचे कमरेतून वाकून उचलायचे, वळून मागच्या रोलरवर टाकायचे, की लगेच पुढचे. खोक्यावर वजन ठळक लिहिलेले नसते. एकात उशा असतात, शेजारच्या तेवढ्याच आकाराच्या खोक्यात मिक्सर असतो. उचलेपर्यंत अंदाज येत नाही, आणि अंदाज चुकला की झटका थेट कमरेला बसतो. कंटेनर लोखंडी. मे महिन्याच्या दुपारी आतली हवा हलत नाही, घाम वाळत नाही.

किती वजन उचलणे शरीराला सोसते, याचे शास्त्र आहे. अमेरिकेच्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेचे सूत्र जगभर वापरले जाते. त्यानुसार सगळ्या गोष्टी अनुकूल असतील तर एका माणसाने उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो. अनुकूल म्हणजे वजन अंगालगत हवे, साधारण मांडी-कमरेच्या उंचीवर हवे, पकड नीट हवी, कंबर पिळावी लागू नये आणि उचलणे अधूनमधून असावे. वजन शरीरापासून २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटरवर गेले की हीच मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोवर येते. कंबर पिळली की आणखी घटते. मिनिटाला उचलण्याची संख्या वाढली की आणखी. कंटेनरच्या आत यातली जवळजवळ प्रत्येक अट मोडते. म्हणजे आपण हलके समजतो ती दहा-बारा किलोची पिठाची पिशवीसुद्धा तिथे, त्या वेगाने, शरीरावर घाव घालत असते.

हा घाव एका दिवसाचा नसतो. मणक्यांमधली गादी हळूहळू झिजते, फुगते, एके दिवशी नस दाबते आणि पाय बधिर होतो. तोवर माणूस दोन ठेकेदार बदलून तिसऱ्याकडे आलेला असतो. कोणत्या गोदामात, कोणत्या दिवशी दुखापत झाली, हे त्याला सांगता येत नाही. तो बीडला, जौनपूरला किंवा दरभंग्याला आपल्या गावी परत जातो. हजेरीच्या पुस्तकात त्याचे नाव गळते. अपघाताच्या नोंदवहीत ते कधी चढलेलेच नसते. कागदावर ते गोदाम सुरक्षित असते. ज्या इजेची नोंद नाही, तिच्यावर उपाय होत नाही, आणि तिची भरपाई तर नाहीच नाही.

आता पुढे चालू, सॉर्टिंगच्या पट्ट्याकडे. पार्सले सरकत येतात, स्कॅनरचा लाल किरण फिरतो, कामगार पिनकोड वाचून पार्सल ज्या त्या पिशवीत टाकतो. पट्टा आणि रोलर जिथे एकमेकांत शिरतात, तिथला सांधा सर्वांत घातक. बोट, ओढणीचे टोक, गळ्यातली ओळखपत्राची दोरी, सैल बाही, काहीही आत ओढले जाऊ शकते. तिथे जाळी हवी, आणि उभ्या जागेवरून हात पोचेल अशी पट्टा थांबवणारी दोरी किंवा लाल बटण हवे. हे सारे पुस्तकात आहे. आता एखादे पार्सल अडकते असे समजा. मागे रांग साचू लागते. शिस्त सांगते: आधी पट्टा बंद करा, वीज तोडा, ती दुसऱ्या कोणी चालू करू नये म्हणून कुलूप लावा आणि मगच हात घाला. प्रत्यक्षात चालत्या पट्ट्यावरच हात घातला जातो. पट्टा थांबला की पडद्यावरचा आकडा थांबतो, आणि आकडा थांबला की सुपरवायझर धावत येतो. ‘कोणी थांबवला?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. ‘का थांबवला?’ हा प्रश्न नंतर येतो किंवा येतच नाही.

या पहिल्या प्रश्नात सगळ्या रोगाचे मूळ आहे. लाल बटण भिंतीवर आहे, पण ते दाबायची मुभा कामगाराच्या मनात नाही. बटण दाबले तर टार्गेट चुकते, टार्गेट चुकले तर उद्या शिफ्ट मिळत नाही. मग भिंतीवरचे बटण तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या समाधानापुरते उरते.

टार्गेट माणसाला कुठवर नेते, याचे उदाहरण सरकारी नोंदीत आहे. हरियाणातल्या मानेसर इथल्या एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या गोदामात २४ फुटी सहा ट्रक रिकामे होईपर्यंत आम्ही पाणी प्यायला किंवा लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याच्या बातम्या आल्या. जून २०२४मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्यांची स्वतःहून दखल घेतली आणि केंद्रीय श्रम मंत्रालयाला नोटीस काढली. उन्हाळ्याचे दिवस, लोखंडी कंटेनर आणि पाणी न पिण्याची शपथ! उष्माघात कसा होतो हे शाळकरी मुलालाही कळते. ते न कळण्याइतके कोणतेही व्यवस्थापन अडाणी नसते. कळत असूनही असे घडते, कारण कामगार चक्कर येऊन पडला तर त्याचा खर्च व्यवस्थापनाच्या खिशातून जात नाही.

पट्ट्याबाहेरही धोके आहेत. मागे येणारा ट्रक आणि धक्का यांच्या मध्ये सापडणारा माणूस, चाकाखाली ठोकळा न लावल्यामुळे माल उतरवतानाच पुढे सरकलेली गाडी, समोर पॅलेट असल्यामुळे काहीच न दिसणारा फोर्कलिफ्टचालक, पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी आखलेली वाट नसणे. आणि आग. पुठ्ठा, प्लॅस्टिक, फोम, बॅटऱ्या, अत्तरे यांनी ठासून भरलेली शेड पेटली की काही मिनिटांत धुराने भरते. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. कागद दिला जातोही. पण चोरी होऊ नये म्हणून मागच्या दाराला कुलूप घातले असेल, तर त्या कागदाने धूर बाहेर जात नाही आणि माणूसही बाहेर पडत नाही. धोका इमारतीचाही असतो. एप्रिल २०२३मध्ये माणकोलीजवळ वळपाड्यात खाली गोदाम आणि वर घरे असलेली इमारत कोसळली. कामगार आणि रहिवासी एकाच ढिगाऱ्याखाली गेले. जमिनीला भाव आला की शेड कशीही उभी राहते, मजला कशावरही चढतो, आणि त्याकडे कानाडोळा करणारे हात पुष्कळ असतात.

गोदामातून निघालेले पार्सल शेवटी दुचाकीवर चढते. पाठीवर खांद्यांपेक्षा रुंद पिशवी, पायांपाशी दुसरी, हँडलला लावलेल्या फोनवर पुढचा पत्ता. दर पार्सलमागे किंवा ऑर्डरमागे ठरलेले पैसे. थांबलेला तास म्हणजे बुडालेली कमाई. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. आपल्या रस्त्यांवर सर्वांत असुरक्षित असलेल्या वाहनावर आपण सर्वांत घाईचे काम बसवले आहे. जुलैच्या पावसात खड्डा पाण्याखाली दडलेला असताना मुंबईत ऑर्डरी वाढतात. पाऊस आहे म्हणून आपण घराबाहेर पडत नाही आणि दुसऱ्याला बाहेर काढतो.

पार्सल पोचवणाऱ्या मुलाला आणखी एक गोष्ट अनेकदा अपघात झाल्यावरच कळते. त्याने स्वतःच्या दुचाकीचा विमा उतरवलेला असतो, आणि आपण सुरक्षित आहोत असे तो समजून चाललेला असतो. पण खासगी दुचाकीच्या विम्यात भाड्याने वापर आणि मालवाहतूक सहसा वगळलेली असते. पाठीवर कंपनीची पिशवी असताना अपघात झाला की विमा कंपनी हेच कलम पुढे करू शकते. ज्या कंपनीची पिशवी होती ती म्हणते, हा आमचा नोकर नव्हे. दोन्ही दारे बंद होतात आणि तो आपल्या मोडलेल्या पायासह मध्ये उभा राहतो.

अशा वेळी आपल्या समाजाच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते: नशिबात होते. ज्या महाराष्ट्रात जोतीराव फुले झाले, तिथे तरी हे वाक्य इतक्या सहज निघू नये. पट्ट्याच्या सांध्यावर जाळी नसणे हे नशीब नाही. कुलूपबंद दार हे प्रारब्ध नाही. पाच किलोमीटरला किती मिनिटे द्यायची, हे कोणी विधात्याने लिहिलेले नसते. एका कार्यालयात बसलेल्या माणसांनी ते गणित मांडलेले असते. माणसाने मांडलेले गणित माणसाला बदलता येते.

दुसरे ठरलेले वाक्य असे: हीच पोरे नियम पाळत नाहीत, सिग्नल तोडतात, हेल्मेट घालत नाहीत. सिग्नल तोडणे चूकच आहे. त्यात त्याचा जीव जातो, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचाही जातो. पण सिग्नल पाळणाऱ्याची कमाई घटेल अशी व्यवस्था उभी करायची आणि मग सिग्नल तोडणाऱ्याला व्याख्यान द्यायचे, हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे. सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरती पायरी सांगितली आहे. आधी धोका मुळातूनच काढा. तो निघत नसेल तर पद्धत बदला. मग यंत्रात आणि जागेत संरक्षण बसवा. मग कामाचे नियम आणि वेळा सुधारा. आणि सर्वांत शेवटी हेल्मेट, हातमोजे, बूट. आपण मात्र शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. रस्ता सुरक्षा सप्ताहात हेल्मेट वाटतो, फोटो काढतो, आणि ज्या घड्याळामुळे तो मुलगा जिवावर उदार होऊन गाडी हाकतो, त्या घड्याळाला हात लावत नाही.

ते घड्याळ हलू शकते. दहा मिनिटांत घरपोच देण्याच्या जाहिरातींविरुद्ध कामगारांनी आवाज उठवला, डिसेंबर २०२५च्या अखेरीस संप केले, आणि जानेवारी २०२६मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने कंपन्यांना हा दावा मागे घ्यायला सांगितले. जाहिरातीतला आकडा उतरला, हे स्वागतार्ह आहे. ॲपच्या आतला आकडा उतरला का, हे तपासण्याचा अधिकार मात्र अजून कोणाकडे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२२पासून, आणि पाठोपाठ न्यूयॉर्कने, गोदामांसाठी कायदा लागू केला: कामगाराला त्याचे टार्गेट लेखी सांगा, आणि विश्रांती किंवा स्वच्छतागृहाला जाणे अशक्य करणारे टार्गेट लावूच नका. आपल्याकडे हे का होऊ नये?

तसे पाहिले तर या विचारासाठी आपल्याला अमेरिकेकडे पाहायची गरजही नाही. सप्टेंबर १८८४मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पुढे होते. कामगारांनी जे निवेदन सरकारला दिले, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या ठरावीक वेळा, वेळेवर पगार या मागण्या आपल्याला आठवतात. रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली, म्हणून ती विशेष आठवते. त्याच निवेदनातली पाचवी मागणी मात्र आपण विसरलो. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशी ती होती. फारसे शिक्षण न मिळालेल्या, चाळीत दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांनी ही मागणी केली तेव्हा या देशात कामगार संघटनेचा कायदाही नव्हता. १९२३मध्ये भरपाईचा कायदा आला आणि त्याने एक मोठे तत्त्व मान्य केले: कामावर इजा झाली, तर मालकाची चूक होती हे कामगाराने सिद्ध करत बसायचे नाही. काम मालकाचे, म्हणून धोकाही मालकाचा.

आज पार्सल पोचवणारा मुलगा या तत्त्वाच्या बाहेर आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता देशात लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराला, म्हणजे नेहमीच्या नोकरीबाहेर ॲपवरून काम घेणाऱ्याला, प्रथमच कायद्यात नाव दिले, आणि त्याच्या कल्याण निधीसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी अशी तरतूद केली. हे पाऊल मोलाचे आहे. पण कामाच्या जागची सुरक्षितता सांगणारी जी वेगळी संहिता आहे, तिच्यात त्याला जागा नाही. म्हणजे तो पडल्यावर थोडी मदत मिळेल, पण तो पडू नये याची जबाबदारी कोणावरही नाही. नीती आयोगाने २०२०-२१मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३०पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज मांडला आहे. इतक्या माणसांना सुरक्षिततेच्या कायद्याबाहेर ठेवून कोणत्या प्रगतीच्या गप्पा मारायच्या?

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: तो कोणा एकाचा नोकर नाही, सकाळी एका ॲपवर असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या. मग जबाबदारी टाकायची कोणावर? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या मस्जिद बंदरात आणि पुण्याच्या भुसार बाजारात हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवत असे, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. प्रत्येक व्यापारी म्हणे, हा माझा माणूस नव्हे. पाठ मोडेपर्यंत शंभर किलोचे पोते वाहायचे आणि पाठ मोडली की घरी बसायचे, एवढेच त्याच्या नशिबी होते. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात या हमालांना एकत्र केले. १९६९मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्याने मालक कोण हा घोळ एका साध्या युक्तीने सोडवला. सरकार, मालक आणि कामगार यांचे मिळून मंडळ नेमले. माल ज्याचा उतरला, त्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. हमाल कोणा एकाचा नोकर नव्हता, तरी तो कोणाचाच नाही असे झाले नाही. आणि शंभर किलोचे पोते पन्नासवर आले, ते कोणाच्या दयेने आलेले नाही. संघटनेने ते आणवले.

जे १९६९मध्ये वहीत नोंदी करून जमले, ते आज जमू नये? ॲपला तर प्रत्येक फेरी, प्रत्येक मिनिट, प्रत्येक रुपया ठाऊक असतो. लेव्ही कापायला एक ओळीचा हिशेब पुरतो. राजस्थानने २०२३मध्ये आणि कर्नाटकाने २०२५मध्ये गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले. ज्या महाराष्ट्राने या विचाराचा पाया घातला, त्याने मागे राहणे शोभत नाही.

दुसरा आक्षेप उद्योजकांचा आहे आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्या औद्योगिक पट्ट्यात आहेत. काम न करता पैसे मागणारे बोगस पुढारी आहेत. हे खरे आहे, आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. खंडणीखोरांनी सर्वांत मोठी हानी केली ती खऱ्या हमालाचीच, कारण त्यांच्यामुळे एका उत्तम कायद्याचे नाव खराब झाले. पण दरोडेखोर रस्त्यावर आहेत म्हणून रस्ता उखडत नाहीत. मंडळाचे हिशेब उघडे ठेवा, नोंदणी कामगाराच्या फोनवर आणा, पैसे थेट त्याच्या खात्यात घाला. मध्यस्थ उरला नाही की खंडणीही उरणार नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. वस्तू महाग होतील म्हणतात. होतील, थोड्या होतील. पण खर्च आजही होतोच आहे. मोडलेल्या पायाचे बिल कोणीतरी भरतेच. बायकोचे मंगळसूत्र गहाण पडते, गावची अर्धा एकर जमीन जाते, मोठी मुलगी शाळा सोडून कामाला लागते. घरपोच सेवा स्वस्त दिसते, कारण तिच्या किमतीचा एक हिस्सा या घरांनी भरलेला असतो. तो हिस्सा परत आपल्या बिलात यावा, हाच न्याय आहे.

मग करायचे काय? राज्य सरकारने माथाडी कायद्याच्या धर्तीवर घरपोच सेवेतल्या कामगारांसाठी मंडळ नेमावे आणि त्याला भरपाईबरोबर सुरक्षेच्या तपासणीचाही अधिकार द्यावा. ॲपची वेळ, दंड आणि बोनस यांचे गणित या मंडळापुढे उघडे असावे. गोदामात ठेकेदार कितीही असोत, अपघाताची नोंद आणि भरपाई मूळ कंपनीच्या नावावर व्हावी. कमरेचे दुखणेही इजा म्हणून नोंदले जावे. पार्सलवर वजन ठळक छापावे आणि ठरावीक वजनावर दोघांनी उचलण्याचा नियम करावा. कंटेनरच्या आतपर्यंत सरकणारे पट्टे येतात, ते बसवावेत. पाणी, पंखे, स्वच्छतागृह आणि उन्हाळ्यात ठरलेली विश्रांती ही मेहेरबानी म्हणून देऊ नये. राज्यघटनेच्या ४२व्या अनुच्छेदाने कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती राज्याने निर्माण करावी असे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आहे.

या सगळ्यांहून महत्त्वाचा हक्क एक: धोका दिसला तर काम थांबवण्याचा. पट्ट्यावरच्या मुलीने लाल बटण दाबले तर तिची शिफ्ट जाता कामा नये. गुडघाभर पाण्यात गाडी घालायला नकार दिला तर त्या मुलाचे रेटिंग उतरता कामा नये, आयडी बंद होता कामा नये. बाकीचे सारे उपाय या हक्कावर उभे आहेत, कारण धोका सर्वांत आधी ज्याला दिसतो तो यंत्राजवळ उभा असतो, कार्यालयात बसलेला नसतो. त्याचे तोंड बंद केले की कारखाना आंधळा होतो.

कामगारांनाही सांगायचे आहे. एकट्याने बटण दाबणाऱ्याला काढून टाकता येते, सगळ्या पाळीने दाबले तर नाही काढता येत. आजची पाळी उद्या फुटते, भाषा वेगळी, गाव वेगळे, ठेकेदार वेगळा, हे खरे. पण भुसार बाजारातले हमालही एका गावचे नव्हते. अपघात झाला की त्याच दिवशी लिहून ठेवा, फोटो काढा, साक्षीदाराचा फोन घ्या. गोदामात पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो का आणि आपला विमा क्रमांक काय, हे विचारा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, ईएसआय लागू असलेल्या कामगाराचा तो हक्क आहे, आणि ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती जबाबदारी मूळ मालकावर येते.

आणि आपण, घरपोच सेवेची सवय झालेले लोक? आपल्याकडून मोठ्या त्यागाची अपेक्षा नाही. ज्या वस्तूची घाई नाही ती उद्यावर टाकावी. पावसात उशीर झाला म्हणून तक्रार करू नये, एक तारा कमी करू नये. सोसायटीच्या लिफ्टमध्ये घरपोच सेवेतल्या माणसांना बंदी असेल, तर ती उठवावी. वीस लिटरचा पाण्याचा जार घेऊन कोणाला सहा मजले चढायला लावणे हे शिवाशिवीचेच नवे रूप आहे, आणि तशी वागणूक आपल्या दारात चालू देणे आपल्याला परवडणारे नाही. इमारतीच्या तळमजल्यावर पिण्याचे पाणी आणि वापरता येणारे स्वच्छतागृह या माणसांसाठी खुले असावे.

हे सारे आपल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडता येईल. लिफ्ट खुली, पाणी खुले, स्वच्छतागृह खुले. आणि त्याच सभेतून एक पत्र आपल्या आमदाराला जावे: घरपोच सेवेतल्या कामगारांसाठी मंडळ कधी नेमणार, त्यांना काम थांबवण्याचा हक्क कायद्याने कधी देणार, याचे उत्तर पुढच्या अधिवेशनात मागा. १८८४मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्या केल्या होत्या. आपल्यासाठी रोज राबणाऱ्यांच्या जिवासाठी तेवढ्या सह्या आजच्या एकेका उपनगरातून जमायला हव्यात.